'घरबसल्या ज्ञान' : एका अनामिक प्रतिक्रियेला उत्तर

अहो अनामिक, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात, तो ड्राफ्ट. त्याच्या पहिल्या फेरीतली शेवटची पिक्स, म्हणजे निवडीचे हक्क, संघांनी विकू नयेत, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'ही लॉटरीची तिकिटं आहेत. तुम्ही फक्त लागलेलीच दाखवता, बहुतेक पोरं दोन-तीन वर्षांत बेपत्ता होतात. घरबसल्या ज्ञान पाजळणं सोपं असतं.'

आधी त्या शेवटच्या वाक्याचं बघू. घरबसल्या? आम्ही नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेत खेळलोय. जिल्ह्याच्या यादीत माझं नाव कायम तळाला, आणि तरी शेवटच्या क्वार्टरला समोरच्या सगळ्यात तगड्या गड्याला अडवायला मलाच उतरवायचे. बाकावरच्या स्वस्त माणसाची किंमत निदान मला तरी कोणी शिकवू नये. नाव न लावता असं बोलायला फार हिंमत लागत नाही, हेही जाता जाता सांगतो.

एक मान्य. लागलेल्या तिकिटांपैकी टोनी पार्करला (२००१, अठ्ठाविसावा) सॅन अँटोनियोत टिम डंकनसारखा दिग्गज साथीदार आयता मिळाला. झालं समाधान?

पण लॉटरी म्हणे! तिकीट केवढ्याला पडतं ते पाहिलंत का? पहिल्या फेरीतल्या पोरांचा पगार पिकच्या क्रमांकावर बांधलेला असतो, खाली जाल तसा उतरतो. करार चार वर्षांचा, पण पक्की पहिली दोनच. पुढची दोन ठेवायची की नाही ते संघ ठरवतो. चौथं वर्ष सरल्यावरही दुसऱ्याने देऊ केलेला पगार जुळवून खेळाडू राखता येतो. शिकागोला २०११ मध्ये जिमी बटलर तिसाव्या पिकवर मिळाला, तो याच भावात. सियाकाम २०१६ चा सत्ताविसावा. टोरांटो २०१९ मध्ये चॅम्पियन झालं तेव्हा तो अजून त्याच पहिल्या करारावर खेळत होता, आणि लेनर्ड-लाउरी या बड्या खेळाडूंचे गलेलठ्ठ पगार त्याच संघाच्या डोक्यावर होते. फिनिक्सने मात्र २००६ मध्ये एकविसावं पिक बॉस्टनला देऊन टाकलं. ते पिक म्हणजे रोंडो. २००८ मध्ये बॉस्टन अजिंक्य, पॉइंट गार्ड (खेळ रचणारा गडी) रोंडो.

राहिला 'बेपत्ता'चा मुद्दा. होतात की! वरचे होत नाहीत? २०१३ चं पहिलं पिक अँथनी बेनेट, कुठे गेला तो? त्याच ड्राफ्टमध्ये सत्ताविसावा रूडी गोबेर, पुढे चारदा सर्वोत्तम बचावपटू. डेन्व्हरने तो त्याच रात्री शेहेचाळीसाव्या पिकच्या आणि थोड्या रोकडीच्या बदल्यात युटाला देऊन टाकला. तिथेही तुमच्यासारखाच कोणी हिशेबनीस बसला असणार.