काकूंच्या कॅलेंडरवरच्या रेघा

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन वाजला. तव्यावर पोळी, हात पिठाचे, म्हणून करंगळीनं स्पीकर लावलेला. पलीकडून नमस्कार नाही की नाव नाही. "पेमेंट कब करोगे?" काकू म्हणाल्या, "अहो, ते इथं नाहीत, हा नंबर माझा आहे." त्यावर पुढचा प्रश्न, "आप उनकी मम्मी हो क्या?" पोळी करपली.

"कर्ज घेतलं तर फेडायला नको का?" असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर थांबा. हा कर्जवसुलीचा फोन, पण कर्ज काकूंचं नाही, या नंबराच्या जुन्या मालकाचं. नंबर आता काकूंचा आहे.

हे होतं कसं? कुणीतरी कर्ज घेताना हा नंबर दिला, पुढे रिचार्ज सोडून दिला. 90 दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते. बंद केल्यावर किमान 90 दिवस तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत, हे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टातही सांगून झालंय. मग तोच नंबर कोऱ्या पाकिटातून 'नवीन सिम' म्हणून काकूंच्या हातात. बंद पडलेल्या नंबरांची सरकारी यादी असते, एमएनआरएल म्हणतात तिला. ती वापरून आपल्या नोंदी साफ करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलंय. म्हणजे यादी घ्या, नंबर जुळवा, खोडा. यात काकूंनी सिद्ध करायचं काय राहिलं? पण वसुली एजन्सीच्या एक्सेलमध्ये तो नंबर मुक्कामालाच बसलाय.

काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, दुधाच्या हिशेबाचं. अर्ध्या लिटरला एक टिंब. आता त्याच चौकोनात पेन्सिलीच्या रेघा असतात, फोनाला एक, पाच झाले की आडवी काट. कालच्या चौकोनात अकरा होत्या. दुधाचं टिंब शोधावं लागलं.

सगळे शहाणे सांगतात, ब्लॉक करा. अहो, त्यांचं डायलर, म्हणजे आपोआप फोन लावणारी यंत्रणा, एका नंबरावरून फोन लावत नाही. एक ब्लॉक केलात की दुसरा तयार. आणि उचललाच नाही तर तिकडे शेरा पडतो 'आरएनआर', वाजला पण उत्तर नाही. म्हणजे नंबर जिवंत, दोन तासांनी पुन्हा. त्याहून वाईट म्हणजे काकूंचं भिडस्त "बरं, भेटले तर सांगते हं". झालं! निरोप पोचवणारी ओळखीची बाई मिळाली म्हणून आणखी जोर.

म्हणून एकदा नीट उचलायचा. आपलं नाव सांगायचं नाही. पत्ता नाही, पॅन नाही, ओटीपी तर नाहीच. आपणच विचारायचं: कर्ज कुठल्या संस्थेचं, एजन्सी कोणती, बोलणाऱ्याचं नाव काय. मग एकच वाक्य, "राँग नंबर म्हणून डिस्पोझिशन टाका." डिस्पोझिशन म्हणजे फोन झाल्यावर टाकायचा शेरा. हा शब्द ऐकला की पलीकडचा जरा सावरून बसतो. पण हे औषध महिनाभराचं. अनेकदा पुढच्या महिन्यात यादी दुसऱ्या एजन्सीकडे जाते आणि तोच नंबर पुन्हा ताजा होतो.

मुळावर घाव घालायचा तर कर्ज देणाऱ्या संस्थेला मेल. एजन्सीला नाही, संस्थेला. वेबसाइटच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो. मेलमध्ये आपला नंबर, तो कुठल्या तारखेपासून आपल्या नावावर आहे ते, आलेल्या फोनांची तारीख-वेळ-नंबर, आणि दोन मागण्या: नंबर तुमच्या आणि तुमच्या सगळ्या एजन्सींच्या नोंदीतून काढा, काढल्याचं लेखी कळवा. पुरावा म्हणून पोस्टपेडचं बिल, प्रीपेड असेल तर सिम घेताना भरलेल्या अर्जाची प्रत मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून मागा. आधार जोडायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं. पॅन अजिबात नको. परक्याच्या कर्जाच्या फाइलमध्ये आपला पॅन कशाला ठेवायचा?

आणि इथंच ते कॅलेंडर कामाला येतं. रेघेशेजारी वेळ लिहा, असं काकूंना आज सांगितलं. कारण वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट लिहिलंय. तेही खऱ्या कर्जदाराला. काकू तर त्यात कुठेच नाहीत.

30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस नावाच्या तक्रार पोर्टलवर. ती योजना 'ग्राहका'साठी लिहिलीय, त्यामुळे ग्राहक नसलेल्याचा अर्ज अडू शकतो, मान्य. तरी हातात मेल आणि नोंदी हव्यातच. धमकी किंवा शिवीगाळ झाली तर रेकॉर्डिंग घेऊन सरळ पोलीस ठाणं. 1930 वर फोन करू नका, ती लाइन पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी आहे. डीएनडीनं, म्हणजे नको असलेले फोन थांबवायच्या नोंदणीनं, जाहिराती कमी होतील, वसुली नाही. आणि ट्रूकॉलरवर अजून जुन्या माणसाचंच नाव दिसत असेल तर ते आधी बदला, नाहीतर कुरिअरवालासुद्धा त्याच नावानं हाक मारेल.

नंबरच बदला म्हणणारेही भेटले. गॅस, पेन्शन, बँक, नातवाची शाळा, सगळीकडे बदलायचा? आणि नवा मिळेल तोही कुणाचा तरी जुनाच निघू शकतो.

फोन करणारी पोरं पगारासाठी बसलीत, स्क्रीनवर येईल तो नंबर लावतात, हेही खरं. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. राग आहे तो वरच्यांवर. काकूंना त्या माणसाचं पूर्ण नाव, हप्ता, किती थकलं, सगळं पाठ झालंय. परक्या बाईला हे सांगायचा अधिकार यांना दिला कुणी? मी ते नाव इथं लिहीत नाहीये. त्याचीही काही अब्रू आहे.

मला वाटलं होतं काकू त्याला शिव्या घालत असतील. आज मेल लिहायला बसलो तर चहा ठेवत म्हणाल्या, "अरे, इतके महिने झाले, तो बरा असेल ना?"

मेलचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. संस्थेचं नाव आणि तारखा भरून वापरा. काकूंचा आज दुपारीच गेला.