मालदीव ‘डासमुक्त’ नाही, मलेरियामुक्त आहे

हिवाळी सहलींचे बेत सुरू झाले की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो: मालदीव आणि श्रीलंका जागतिक आरोग्य संघटनेने ‘डासमुक्त’ ठरवलेत, बिनधास्त जा, फार तर व्हिटॅमिन बी-१ च्या गोळ्या घ्या, त्या वासाने डास फिरकत नाहीत.

दोन्ही गोष्टी चूक. संघटनेने मालदीवला २०१५ मध्ये आणि श्रीलंकेला २०१६ मध्ये प्रमाणपत्र दिलं ते मलेरियामुक्तीचं, म्हणजे तिथे मलेरियाचा स्थानिक फैलाव थांबला म्हणून. डास कुठेही गेलेले नाहीत. प्रमाणपत्राच्या पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, श्रीलंकेत डेंग्यूचे १ लाख ८० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले! मालदीवमध्येही डेंग्यू होतो. तो पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी. म्हणजे नेमका आपण हाफ पँट घालून किनाऱ्यावर फोटो काढत असतो तेव्हा. नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही.

बी-१ ने डास पळतात हे चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. लसूण खाण्याचंही तेच. डीट किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी रसायनं) असलेलं मलम उघड्या त्वचेवर लावा, सनस्क्रीन आधी, हे नंतर. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र काहीही लावू नका, जाळी वापरा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा, आणि तपासणीआधी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका.