गुरुजींची टिचकी

गूगलवरच्या जाहिरातीचं आजचं बजेट सकाळी साडेदहाच्या आत उडालं. तव्यावर अजून भाकरी पडली नव्हती. दुपारी एखाद्या भुकेल्यानं मोबाईलवर ‘लातूर जेवण’ शोधलं, तर त्याला समोरचा हॉटेलवाला दिसणार, मी नाही. आणि ही कृपा माझ्याच हॉटेलात, पंख्याखालच्या टेबलावर, हाफ चहावर तासभर बसणाऱ्या गुरुजींची.

आमचं हॉटेल औसा रोडच्या आतल्या बाजूला. सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, दुपारी भाकरी, येसराची आमटी, ठेचा. जाहिरातीचं खातं मेहुण्याच्या ओळखीच्या एका पोरानं काढून दिलं, कीवर्डही, म्हणजे कुठला शब्द शोधला की जाहिरात दिसावी तेही, त्यानंच निवडले. पहिला कीवर्ड ‘हॉटेल लातूर’. रात्री अकराला फोन सुरू: “एसी रूम आहे का?” मग नको असलेल्या शब्दांच्या यादीत ‘लॉज’ घातलं, तर ‘लॉजिंग’वाले आले. ‘रूम’ घातलं, तर ‘मुक्काम’वाले. नको असलेल्या शब्दाचे भाऊबंद गूगल ओळखत नाही, एकेकाचं नाव सांगावं लागतं. आपण निवडलेल्या शब्दाचे मात्र चुलत, मावस, आते सगळे गोळा करून आणतं, कारण तिथं दर टिचकीमागं, म्हणजे क्लिकमागं, पैसे मिळतात. ‘शाकाहारी जेवण’ म्हटलं, तर ट्यूशन एरियातल्या पोरांचे आईबाप मेसच्या डब्याचा महिन्याचा भाव विचारायला लागले. आणि ‘सुशीला’वर कोण आलं? सुशीला नावाची रास शोधणारे. कुंभ आहे. माझ्या पैशानं कळलं.

वेळ अमावस्येला त्या पोरानं ‘भज्जी-आंबिल’ची खास जाहिरात लावली होती. पोरगं पुण्यात वाढलेलं. त्या दिवशी अख्खं लातूर कुणाच्या ना कुणाच्या रानात कोपीपुढं जेवत असतं, गावात कुत्रंसुद्धा भेटत नाही, हे त्याला कोण सांगणार?

हे सगळं एक वेळ परवडलं. गुरुजी परवडत नाहीत.

आज त्यांच्या मागून पाण्याचा जग ठेवायला गेलो, तर मोबाईलवर माझंच हॉटेल.

“गुरुजी, काय करलालाव?”

“तुमचंच काम करलालो, मालक.” चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला स्क्रीन दाखवला. “रोज सकाळी तुम्हाला शोधतो. वर ‘प्रायोजित’ लिहून येतं, ते दाबतो. आपलं हॉटेल वर राहिलं पाहिजे की नाही?”

“अहो, पण तुम्ही हॉटेलातच बसलाव!”

“मग? देवळात बसून देवाचं नाव घेत नाहीत का?”

मी खुर्ची ओढली. समजावलं, की एकदा दाबलं की मला बारा रुपयांच्या आसपास पडतात. तुमचा हाफ चहा सात रुपयांचा.

“बारा रुपये? कोण घेतो?”

“गूगल.”

“पावती देतो का?”

“देतो.”

“मग हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “आणि हे बघा, एकाच मोबाईलवरून सारखं दाबलं तर धरत नाहीत, असं नातू म्हणला. म्हणून सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना कामाला लावलंय. पंधरा-वीस जण आहेत. ज्याचा त्यानं मोबाईल. बोगस मतदान नाही, बरं का!”

गुरुजींचं तांत्रिक ज्ञान बरोबर होतं, हेच वाईट. एकाच जागेवरून उगाच पडणाऱ्या टिचक्या गूगल ओळखतं आणि त्यांचे पैसे लावत नाही. पण वीस म्हातारे, वीस मोबाईल, वीस घरं म्हणजे गूगलच्या लेखी वीस भुकेली गिऱ्हाइकं. शिवाय गुरुजींचा थोरला पुण्याहून दाबतो. जाहिरात लातूरपुरती ठेवली होती. पण खात्यात आधीच टिक करून ठेवलेला पर्याय ‘गावात असलेले किंवा गावात रस असलेले’ असा असतो. पुण्यातल्या लातूरकराला लातुरात रस नसेल तर कुणाला असेल?

तुम्ही हसाल. माझं रोजचं बजेट म्हणजे भांडी घासणाऱ्या बाईचा रोज आहे. त्यातही एखाद्या दिवशी ठरल्याच्या दुपटीपर्यंत उडवायची मुभा गूगलनं स्वतःच स्वतःला देऊन ठेवली आहे. महिन्याच्या हिशेबात जुळवून घेतात. वर समोरच्यानं माझ्या हॉटेलच्या नावाचाच कीवर्ड लावलाय. गूगलला विचारलं तर उत्तर मिळालं, चालतं, कीवर्ड कुणालाही घेता येतो. म्हणजे ज्याला माझं नाव पाठ आहे, त्याच्यापुढं पहिलं उभं राहायलाही मीच पैसे मोजायचे. वडिलांनी पाटी रंगवून घेतली तेव्हा पेंटरनं एकदाच पैसे घेतले होते. वाचणाऱ्यामागं नाही. गूगलच्या नकाशावरची नोंद फुकट असते, जेवायला येणाऱ्यांचे बरेचसे फोन तिथूनच येतात, आणि ही गोष्ट त्या पोरानं सगळ्यात शेवटी सांगितली.

आवाज उतरवून म्हणलं, “गुरुजी, असं करा. दाबायचंच असेल, तर समोरच्याची दाबत जा.”

गुरुजींनी मोबाईल उपडा ठेवला. “मालक, पस्तीस वर्षं पोरं शिकवली. लबाडी जमणार नाही.” मग जरा वेळानं, “आणि त्याच्या चहात दूध कमी असतं. एक हाफ सांगा. लिहून ठेवा.”