पडली नाही ना, मग?

"पडली नाही ना? मग गुण कापले कशाला?" माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, हा प्रश्न गेला आठवडाभर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. त्याची मुलगी दोरीच्या मल्लखांबात तिसरी आली. दादाच्या मते पंच विकले गेले होते, काकांच्या मते आंधळे होते. काका आणि दादा एका बाजूला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी पहाटे साडेपाचला कॅनडात, कॅलगरीत रिंकच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून हे वाचत होते. बाहेर उणे चोवीस, आत लेकीचा फिगर स्केटिंगचा सराव. राहवलं नाही. लांबलचक लिहिलं.

लिहिलं ते असं. लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्या बघणाऱ्याला सारख्याच वाटतात. दोन्हींत उलटं सरकत यायचं, दुसऱ्या पायाच्या पात्याचं दातेरी टोक बर्फात रोवायचं आणि उडायचं. फरक कडेचा. लुट्झला सरकत्या पात्याची बाहेरची कड हवी, फ्लिपला आतली. लुट्झमध्ये ज्या वळणाने आलात त्याच्या उलट गिरकी घ्यायची असते, म्हणून पुष्कळ मुली शेवटच्या क्षणाला आतल्या कडेवर कलंडतात. अशा फसलेल्या लुट्झला ‘फ्लट्झ’ म्हणतात. तीन गिरक्यांच्या लुट्झचे मूळ गुण ५.९०. कड चुकली की टेक्निकल पॅनेल पुढे ‘ई’ मारतं आणि ५.९० चे ४.७२ होतात. मुकाट्याने फ्लिप केली असती तर ५.३० मिळाले असते! शिवाय परीक्षक वरून उणे देतात ते वेगळंच. गिरकी पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली तरी अशीच कात्री. पोरगी पडलेली नसते, हसत उतरलेली असते, आजीआजोबा टाळ्या वाजवत असतात. "आणि इथे कोणी पंचांच्या नावाने शिमगा करत नाही," असं मी शेवटी ठोकून दिलं.

दादाचं उत्तर आलं, "तुझं बरंय बाई, तुमच्याकडं कॅमेरे." काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

कॅमेरे आहेत, खरंय. लेकीच्या स्पर्धेत एकाच कोपऱ्यात एक होता, आणि उडी त्याच्याकडे पाठ करून झाली तर पात्याची कड कोणाला दिसणार, हे मी दादाला कळवलं नाही. आणखीही काही गाळलं. बर्फावरच अर्धी फेरी उरकून मग हवेत जाणाऱ्या मुली असतात, त्यांना फारसं कोणी हटकत नाही. २०२३ ला ज्युनियरची जागतिक स्पर्धा इथेच झाली, चौदा वर्षांची माओ शिमादा जिंकली. तेव्हा आमच्या मागच्या रांगेतल्या आया या अर्ध्या फेरीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हत्या. २००२ सालचं सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक तर मी लिहून पुसलं. फ्रान्सच्या परीक्षक बाईंवर दबाव आल्याचं उघड झालं, कॅनडाच्या जोडीलाही मागाहून सुवर्णपदक द्यावं लागलं, सहापैकी गुणांची जुनी पद्धतच त्या प्रकरणाने मोडीत काढली. ‘आमच्या जोडीला’ असं टाइप झालं होतं. आधी ‘आमच्या’ खोडलं, मग सगळं वाक्यच.

सोलापुरात पार्क चौकातून स्टेडियमकडे जाताना मला अजून रस्ता विचारावा लागत नाही. पण गड्ड्याच्या जत्रेला जाऊन अकरा वर्षं झाली. जानेवारीत स्पर्धा असतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून नंदीध्वज बघायचे. बाराबंदीतल्या माणसाच्या कमरेवर ती उंच काठी जरा डुलली तरी सगळी गर्दी गप्प व्हायची. त्याचे गुण कापायला कोणी बसलेलं नसायचं.

इथे सराव संपला की झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, गरम पाणी सोडत बर्फावरून फिरते. आई कालच सांगत होती, या खेपेला नळ पाचव्या दिवशी आला. अशा पाण्याच्या गावात बसून मी दादाला शिस्त शिकवत होते.

आता राहिलं ते सांगून टाकते. गेल्या महिन्यात लेकीच्या लुट्झला ‘ई’ मिळाला. गाडीत बसल्याबसल्या मी नवऱ्याला म्हणाले, "पडली नाही ना? मग?" पॅनेलवरच्या बाई ज्या क्लबच्या, त्याच क्लबची मुलगी पहिली कशी, हेही म्हणाले. आपल्या रंगाच्या पोरींना कोण देतंय गुण, हेही. लेक मागच्या सीटवर बूट सोडत होती. ती म्हणाली, "मम्मा, इट वॉज अ फ्लट्झ." मी रेडिओ लावला.

तोच व्हिडिओ मी भाचीला पाठवला होता, उडी किती उंच आहे ते दाखवायला. ग्रुपवर नाही, तिला एकटीला. रात्री तिचा मेसेज आला:

"आत्या, भारी उडती गं. पण उडायच्या आधी तिचा घोटा आत पडायलाय की. माझा पण गुडघा वाकला होता दोरीवर. पप्पांना सांगू नको."