शनिवारच्या ‘खुल्या कट्ट्या’बद्दल तुम्ही लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

शनिवारी आमच्या मिसळीच्या दुकानात, खुल्या माइकच्या कार्यक्रमात तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागते. आमच्या मुलाने काही न बोलता तुमच्या हातातून माइक घेतला, ते चुकलंच. त्याला तसं सांगितलंय.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘पाटीवर खुला कट्टा आणि पाच मिनिटांत माइक हिसकावला. नाशकात संविधान आहे की नाही?’ सर, पाच मिनिटं नाही हो. तुम्ही माइक घेतलात ९ वाजून ३१ मिनिटांनी, तो परत घेतला ९ वाजून ५६ मिनिटांनी. कॅमेऱ्यात वेळ दिसते. प्रत्येकाला दहा मिनिटं, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. दोनदा चिठ्ठी पाठवली, ती तुम्ही न वाचता बशीखाली ठेवलीत. तुमच्यानंतर अकरावीतली एक मुलगी कविता वाचणार होती, वडिलांबरोबर एसटीने सिन्नरहून आलेली. ती न वाचताच परत गेली. तिलाही बोलायचं होतं ना? आमचं अंगण उघडं, वरती तीन बिऱ्हाडं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे अशा जागी रात्री १०ला स्पीकर बंद करावाच लागतो. तक्रार झाली तर कट्टाच बंद पडेल.

वेळेचंही एक वेळ सोडून दिलं असतं. पण तुम्ही शेजारच्या डॉक्टरांना नाव घेऊन चोर म्हणालात, आणि घरी जाऊन तेच आमच्या फेसबुक पेजवर त्यांच्या मोबाइल नंबरासकट टाकलंत. ते मी काढून टाकलं. पुन्हा टाकलंत तर पुन्हा काढेन. तुम्ही संविधानातल्या बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या कलम १९चा दाखला दिलात, त्याच कलमात पुढे अब्रुनुकसानीचा अपवादही लिहिलेला आहे. २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं तेव्हा मलाही फार बरं वाटलं होतं, कारण नुसत्या पोस्टवरून पोलीस माणसं उचलत होते. पण मी पोलीस नाही, सरकार नाही. भाड्याच्या वाड्यात मिसळ विकते. माझ्या अंगणातला माइक कोणाला किती वेळ द्यायचा, एवढं तरी मला ठरवू द्याल की नाही?

टीका आम्हाला चालत नाही, हे वाचून रात्रभर झोप नाही लागली. मिसळ ९०ची ११० केली, तेव्हा एका काकांनी याच माइकवरून मला पूर्ण दहा मिनिटं सुनावलं होतं. अडवलं नाही, त्यांचा व्हिडिओ अजून पेजवर आहे. तुमचा हा रिव्ह्यूही मी रिपोर्ट केलेला नाही, करणारही नाही.

वेळेची पाटी मोठी लावू, बाकीही काय करता येईल ते बघतो आहोत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जरूर या, तुमचं नाव पहिलं ठेवते. फक्त ते ‘पाच मिनिटांत’ तेवढं दुरुस्त कराल का? नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच वाचतं.