‘अंदमानच्या पार्कात काही नाही’: एका फॉरवर्डला उत्तर

गेले पंधरा दिवस आपल्या इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांकडून आला, त्यातले एक तर आमचे सख्खे काका. मजकूर थोडक्यात असा: अंदमानला जा, सेल्युलर जेलला नमस्कार करा आणि परत या. वंडूरच्या नॅशनल पार्कात प्राणी नाहीत, प्रवाळ त्सुनामीत मेले, मगरी माणसं ओढून नेतात, सांगितलेलं बेट दाखवत नाहीत आणि प्लास्टिकच्या नावावर लूट चालते. शंख-पोवळी मात्र पिशवी भरून आणा, फुकट आहेत.

गेल्या हिवाळ्यात आईबाबा, आत्या आणि मी तिथे जाऊन आलो, म्हणून हे लिहायला बसले.

‘प्राणी नाहीत’ हे वाक्य मध्य प्रदेशातला माणूसच लिहू शकतो. आपल्याला कान्हा-बांधवगडची सवय. जिप्सीत बसायचं, वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर परतीच्या वाटेवर गाइडला शिव्या. अंदमानात वाघ कधी नव्हताच, तिथली चितळंसुद्धा इंग्रजांनी आणून सोडलेली. वंडूरचं हे पार्क, म्हणजे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, 1983 मध्ये झालं. सुमारे 281 चौरस किलोमीटर, त्यात 15 बेटं, आणि बाकीचं सगळं पाणी. किनाऱ्यावर उभं राहून ‘काही दिसत नाही’ म्हणणं म्हणजे रात्री भरणाऱ्या आपल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत सकाळी दहाला जाऊन खायला काही मिळत नाही म्हणणं.

बघायचं असतं ते खाली. बोटीच्या तळाला काच असते. आत्या त्यावर ओणवी झाली आणि म्हणाली, ‘‘अगं, ही तर फ्लॉवरची गड्डी!’’ ती गड्डी म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. प्रवाळ हा दगडही नाही, झाडही नाही, तो प्राणी आहे आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. त्याच गड्डीवर एक हिरवानिळा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी ओरखडे काढत होता. तो चुना तो दळून खातो आणि मागून वाळू टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो, त्यातली बरीचशी माशाची विष्ठा आहे. हे मी बोटीत सांगितलं तेव्हा आईनं चप्पल घातली.

आता प्रवाळ मेल्याची गोष्ट. यात अर्धं खरं आहे, म्हणून ती जास्त पसरते. 26 डिसेंबर 2004 ला ज्या भूकंपानं त्सुनामी आली, त्यात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला. तिथले प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. पण दक्षिणेकडे, पोर्ट ब्लेअरच्या बाजूला, जमीन उलट खाली गेली. वंडूर आहे दक्षिणेला. तिथल्या प्रवाळांना खरा फटका बसला तो 2010 च्या उन्हाळ्यात, समुद्र तापला तेव्हा. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नाही, पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं. काही वसाहती सावरल्या, काही गेल्याच. आम्हालाही मोडक्या फांद्यांचे ढीग दिसले, ते नाकारून चालणार नाही.

पण मेसेजात ‘सगळं तपकिरी, मेलेलं’ असंही लिहिलंय, आणि ते साफ चूक. तपकिरी, शेवाळी रंग हा बहुतेक वेळा जिवंतपणाचा. फोटोत दिसतात ते लाल-गुलाबी रंग दिव्याच्या उजेडातले असतात, कारण पाणी सगळ्यात आधी लाल रंगच गिळतं.

मगरींबद्दल लपवाछपवी नाही. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे आहेच, खारफुटीच्या खाड्यांत राहते आणि समुद्रातही पोहते. 2010 मध्ये हॅवलॉक बेटावर मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा जीव गेला. वंडूरच्या किनाऱ्यावर इशाऱ्याचे फलक आहेत. सांगितलंय तिथेच उतरा, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसू नका.

बेट बदलतात, हे खरंय. उद्यानातली जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडतात, एकाला विश्रांती मिळावी म्हणून. त्यात फसवणूक कसली? तिकीट काढण्याआधी विचारायचं, एवढंच.

शंख-पोवळ्यांचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. राष्ट्रीय उद्यानातून काहीच उचलता येत नाही. त्यात 2001 मध्ये हे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्याच यादीत. विमानतळावर सामान तपासतात, आणि ‘मेलेलाच होता हो’ हे उत्तर तिथे चालत नाही. काका, तुमच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी जे पांढरं झाडासारखं आहे, ते तेच. एकोणीसशे ऐंशीच्या सहलीतलं आहे, म्हणून मी गप्प बसते.

राहिली प्लास्टिकची ‘लूट’. 2017 पासून देशातलं पहिल्या नंबरचं स्वच्छ शहर म्हणून आपण पाहुण्यांचं डोकं खातो, आणि जेट्टीवर कुणी वेफर्सचं पाकीट काढून घेतलं की लगेच लूट? पाण्याच्या बाटल्यांची आम्ही अनामत भरली, परत आल्यावर बाटल्या दाखवल्या, पैसे मिळाले. बेटावर दुकान नाही, घंटागाडी तर नाहीच. तिथे उडालेली पिशवी थेट पाण्यात जाते आणि कासवाला ती जेलीफिश वाटते.

आत्याकडे लौंगी शेवेची अर्धा किलोची थैली होती. ती तिनं जेट्टीवरच स्टीलच्या डब्यात ओतली, थैली तिथल्या माणसाच्या हातात दिली आणि ‘‘इंदौर के हैं, भैया’’ असं वर ऐकवलं. झाकण नीट बसलं नव्हतं. परतीच्या बोटीपर्यंत शेव पार सादळली, तरी तिनं ती बोटवाल्यालाही खायला लावलीच.