‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आता तो मुद्दाम करतोय’: हे म्हणणं कुठे कुठे चुकतं

डोक्याला मार लागून घरी आलेल्या माणसाबद्दल एक मजकूर फॅमिली ग्रुपवर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: स्कॅन नॉर्मल आला म्हणजे मेंदू बरा झाला, पुढची चिडचिड आणि आळस ही नाटकं, बाहेरच्यांशी तो नीट वागतो हाच पुरावा, धाक दाखवा, नाहीतर लग्न लावून द्या, वर्षभरात फरक पडला नाही तर पुढे पडत नाही. हे खरं मानून चांगली घरं तुटतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदू नॉर्मल.’ सीटी स्कॅन तातडीच्या प्रश्नांसाठी असतो: रक्तस्राव आहे का, कवटी फुटली का, ऑपरेशन लागेल का. बाइकवरून पडताना डोकं गर्रकन फिरतं, तेव्हा मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ते सीटीत बहुतेकदा दिसत नाहीत. एमआरआयमध्ये काही दिसतात, काही तिथेही सुटतात. कपाळामागचा आणि कानशिलाआतला भाग जास्त दुखावतो, कारण तिथे कवटीचा तळ आतून खडबडीत आहे. राग आवरणं, कामाला सुरुवात करणं, समोरच्याचा चेहरा वाचणं ही कामं बऱ्याच अंशी याच भागांची. घरच्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. फोडणीत कांदा करपला तरी त्याला वास येतो का? वासाच्या नसा कपाळामागच्या भागाच्या अगदी खाली असतात. अपघातानंतर वास गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा माणसाला गॅसगळतीही कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर बसवा.

‘बाहेरच्यांशी नीट, घरच्यांवर ओरडतो.’ तपासणीच्या खोलीत शांतता असते, प्रश्न एका वेळी एकच येतो आणि सगळं पंधरा मिनिटांत संपतं. तेवढा वेळ तो स्वतःला सावरतो आणि त्यातच थकतो. संध्याकाळी साडेसातला घरात काय चाललेलं असतं ते आठवा: मालिका लागलेली, कुकरच्या शिट्ट्या, मुलांची भांडणं, आणि त्यातच ‘लाइट बिल भरलंस का? आईला फोन केलास का?’ दुखावलेल्या मेंदूला यातलं नको ते गाळता येत नाही. स्फोट तिथे होतो. तो माणसांवर राग काढत नसतो, त्याची ताकद संपलेली असते. दुपारी तासभर अंधाऱ्या खोलीत झोप, संध्याकाळी टीव्ही बंद आणि एका वेळी एकच प्रश्न, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

‘धाक दाखवा.’ शिक्षेचा उपयोग व्हायला कालचा परिणाम आजच्या ऊर्मीच्या क्षणी आठवावा लागतो. नेमकं तेच यंत्र बिघडलेलं असतं. तो नियम घडाघडा म्हणून दाखवेल आणि पाच मिनिटांत मोडेल. त्यापेक्षा दोन आठवडे वही ठेवा: किती वाजता, आधी काय झालं, तो काय वागला, नंतर आपण काय केलं. भूक, गोंगाट, थकवा यांपैकी काहीतरी बहुधा पुन्हा पुन्हा सापडतं. भडका उडाला तर आवाज खाली आणा, एकच छोटं वाक्य बोला, वीसेक मिनिटं खोलीबाहेर जा. परत आल्यावर माफी मागायला लावू नका. हात उगारला जात असेल तर मात्र समजूत घालत बसू नका. आधी मुलांना दूर न्या आणि मदतीला माणूस बोलवा.

आळसाचंही तसंच. इच्छा असते, पण सुरुवात होत नाही. ‘काही खाणार का?’ याऐवजी ‘पोहे की उपमा?’ विचारा. ‘आंघोळ कर’ म्हणण्याऐवजी टॉवेल हातात द्या.

ग्रुपवरच्या त्या मजकुरात औषधाबद्दल अवाक्षर नाही. फिट येऊ नये म्हणून बऱ्याच रुग्णांना लेव्हेटिरासिटाम दिलं जातं, आणि चिडचिड हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी सुरू झाल्यावर राग वाढला असेल तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा. स्वतः होऊन बंद मात्र करू नका, फिट येऊ शकते.

‘लग्न लावून द्या.’ हा सल्ला क्रूर आहे. ज्याला स्वतःचा दिवस सांभाळता येत नाही त्याच्यावर दुसरं आयुष्य सोपवलं जातं, आणि त्या मुलीला बहुतेकदा काही सांगितलेलंही नसतं.

‘वर्षानंतर फरक नाही.’ सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, हे खरं. पुढे ती थांबते, हे खरं नाही. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या कपाळामागच्या मेंदूतून सुमारे सहा किलोची लोखंडी पहार आरपार गेली. तो शिवराळ आणि लहरी झाला, इतकंच सगळीकडे सांगितलं जातं. पुढे चिलीत त्याने काही वर्षं घोडागाडी हाकली, हे सहसा कुणी सांगत नाही. रोज तेच घोडे, तोच क्रम, तेच काम: अशा बांधलेल्या दिवसाने त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.

तसा दिवस बांधायला घरचं माणूस टिकलं पाहिजे. ‘माणूस समोर आहे, पण माझा नवरा राहिला नाही’ असं बायकोला वाटतं आणि ते बोलायचीही तिला चोरी असते. तिला आठवड्यातल्या दोन दुपारी पूर्ण मोकळ्या द्या. त्या वेळी दीर, नणंद, शेजारी, कुणीतरी त्याच्याजवळ बसावं. रडू कोसळलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तिलाही बोलता येतं, ते फक्त रुग्णांसाठी नाही.